पारूच्या अंगातला नथू

सातपाटीत हसुराम तांडेलाच्या पारूचं नाव काढलं की जुन्या बाया अजूनही पहिल्यांदा एकच सांगतात. तिच्या अंगात तिचा दीर यायचा म्हणे, दर्यात बुडालेला. मग भगताने तो काढला आणि बाई खडखडीत बरी झाली. सांगतात तेही असं, की भगताच्या मांडीला मांडी लावून त्याच बसल्या होत्या. ऐकून अंगाचा तिळपापड होतो. पारूच्या अंगात त्या वेळी कोणी म्हणजे कोणी येत नव्हतं. जे काही झालं होतं ते हसुरामला झालं होतं, आणि ते एकट्या पारूला ठाऊक होतं. पण हे गावाला सांगायला जावं तर गाव म्हणतं, हॅट, तांडेलाला कसं धरेल? धरतं ते बाईला.

पारू वडराईची. लग्न होऊन सातपाटीत आली तेव्हा घरात बाईमाणूस नव्हतं. सासू वारलेली, सासरा थकलेला, नवरा आपल्या होडीचा तांडेल म्हणून दर्यावर, आणि ओटीवर एक शेंबडा पोर बसलेला. हा नवऱ्याचा धाकटा भाऊ, नथू. नव्या वहिनीच्या हळदीच्या पदराला त्याने आल्या आल्या नाक पुसलं. पारूने त्याला एक सणसणीत धपाटा घातला, आणि तो भोकाड पसरायच्या आत त्याच्या तोंडात भाताचा घास कोंबला. त्या घासापासून नथू तिचा झाला. पुढे सासरा वारला, तिला दोन मुली झाल्या, त्यांच्यावर तिचा जीव होताच, पण पहिलं मूल कोणतं असं विचारलं तर ती नथूचं नाव सांगायची. त्याला ‘र’ नीट म्हणता यायचा नाही. मिसरूड फुटलं तरी यायचा नाही, आणि त्यावरून त्याला कोणी चिडवलं तर पारू त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरायची.

तोंड तिचं होतंच तसं. पालघरच्या बाजारात स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी तिची पाटी असायची. कचेरीतला कारकून असो की शाळेतला मास्तर, पापलेटाच्या पोटात बोट खुपसून ‘ताजं आहे ना’ असं विचारलं की तो संपला. रागवायची मोठ्याने, हसायची मोठ्याने. हसुराम अगदी उलट. घरी आला की जेवायचा, विडी ओढायचा आणि वाऱ्याकडे बघत बसायचा. त्यावरून गावाने आपला निवाडा करून टाकला होता. पारू बोलते, म्हणजे मन हळवं असेल तर ते पारूचं. हसुराम गप्प असतो, म्हणजे त्याची छाती दगडाची. पुढचा सगळा घोटाळा या निवाड्यानेच केला.

साल पासष्ट. नारळी पुनव होऊन होड्या दर्यावर गेल्या होत्या. तारापूरकडे किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, घाटावरून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं बोईसरला उतरत होती, आणि एवढी तोंडं खायला आल्यावर मासळीला कधी नव्हे तो भाव आला होता. त्यामुळे सगळेच तांडेल नेहमीपेक्षा लांब जायला लागले होते. हसुरामची होडी इंजिनची, तोही जात होता. नथू त्या वर्षी खलाशी म्हणून त्याच्याबरोबर होता.

दसरा तोंडावर आलेला असताना एका सकाळी वारं एकाएकी फिरलं. जाळं ओढायला घेतलं होतं, अर्धं वर आलेलं, अर्धं पाण्यात. लाट आडवी आली, दोराचा वेढा नथूच्या पायात बसला आणि जाळ्याबरोबर तोही खाली गेला. जाळ्याचं ओझं होडीला एका अंगावर ओढायला लागलं, पाणी आत चढायला लागलं. हसुरामने कोयता उचलला आणि दोर तोडला. होडी सरळ झाली. तोडला नसता तर होडीवरचा एकही जीव परत आला नसता. हे दिनानाथने, म्हणजे हसुरामच्या सगळ्यात जुन्या खलाशाने, किनाऱ्याला लागताच सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बाकीच्या खलाशांनी माना हलवल्या. हसुरामला कोणी बोल लावला नाही. लावण्यासारखं त्यात काही नव्हतंही.

पारूने मात्र आकांत मांडला. वाळूत लोळली, दर्याला शिव्या दिल्या, होडीला दिल्या, हसुरामच्या सदऱ्याला धरून त्याला गदागदा हलवलं. बायांनी तिला सावरलं, तिच्या गळ्यात पडून त्याही रडल्या. पुढे कितीतरी दिवस दारात कोणी बाई आली की दोघींनी मिळून नव्याने रडायचं, नथूचं बोबडं बोलणं आठवायचं, पुन्हा रडायचं. हे असं रडून रडून आतलं काहीतरी झिजत जातं. एका सकाळी पारू उठली, तोंड धुतलं आणि पाटी डोक्यावर घेतली. दुःख होतं तेवढंच होतं, पण ते घेऊन चालता येत होतं.

हसुरामकडे पुरुष यायचे. ओटीवर बसायचे, विडी पुढे करायचे, वारं कसं आहे आणि पाण्याला ओढ किती आहे ते बोलायचे, आणि उठून जायचे. माणसं चांगलीच होती. पण भाऊ गेलेल्या माणसाशी काय बोलावं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. नथूचं प्रेत मिळालं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून तो जाळला. त्याला अग्नी देतानासुद्धा हसुराम रडला नाही, आणि सगळ्यांनी वाहवा केली. काय छातीचा बाप्या, म्हणाले.

दिवाळी होऊन गेली. एक दिवस पारूचा माल लवकर खपला आणि ती भर दुपारी घरी परतली. मुली शाळेत होत्या. परसात हसुराम जाळं शिवत बसला होता आणि बोलत होता. हा माणूस, ज्याच्या तोंडून दिवसाकाठी पुरतं वाक्य निघायचं नाही, तो अखंड बोलत होता. बोलता बोलता त्याने जाळ्याची कड समोर केली आणि म्हणाला, “ताण जरा.” समोर कोणी नव्हतं. जाळ्याचं दुसरं टोक मातीत पडलेलं होतं, आणि ते कोणीतरी उचलेल म्हणून हसुराम वाट बघत होता. मग, उचललं गेलं असावं तसा, तो पुढचा टाका घालायला लागला.

पारू दारातच थांबली. डोक्यावरची पाटी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. हसुराम कशाला तरी हसला, समोरच्याने गंमत केल्यासारखा. मग त्याचा चेहरा उतरला. सुई हातातच राहिली आणि तो अगदी हळू आवाजात बोलायला लागला.

“हाक मारलीस ना तू. दोर तोडल्यावर मारलीस. मशिनच्या आवाजात त्यांना नाय ऐकू आली. मला आली, नथू. दादा म्हनालास. आनि मी सुकानू फिरवलं.”

पारू तिथेच भिंतीला टेकली. म्हणजे दोर तोडताना नथू जिवंत होता. त्याने हाक मारली होती आणि ती ऐकूनही याने होडी किनाऱ्याकडे वळवली होती. तिला संताप यायला हवा होता, आणि आलाही, असा आला की डोक्यावरची पाटी त्याच्या टाळक्यात घालावी. पण त्याच्याकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं की आपण वाळूत लोळून जे केलं तेच हा इथे करतोय. आपल्याला धरायला बाया होत्या. याच्याजवळ कोणी नाही म्हणून याने नथूलाच बोलावून आणलाय. जे तिच्या पोटात तुटलं होतं तेच त्याच्याही पोटात तुटलं होतं, रतीभर कमी नाही. तिला ते बाहेर काढायची मुभा होती, एवढाच काय तो फरक होता.

संध्याकाळी तिने त्याला सरळ विचारलं, दुपारी कोणाशी बोलत होता.  हरवलेल्या पोराने विचारावं तसं त्याने उलट विचारलं, “पारू, तुला तो दिसत नाय?”

ती उठून जेवण वाढायला लागली. पण त्या दिवसापासून तिने घराचं दार दुपारचं लावून घ्यायला सुरुवात केली, शेजारची साखरबाई डोकावायला नको म्हणून. हसुराम ताटात भाताचा एक कोपरा शिल्लक ठेवायचा, तो ती मुलींच्या नकळत उचलायची. परसातून बोलण्याचा आवाज आला की ती पाट्यावर उगाच काहीतरी वाटायला घ्यायची. तिला वाटलं, निवेल हळूहळू. आपलं नाही का निवलं?

मग दिनानाथ आला. ओटीवर न बसता परसात आला, यावरूनच पारूने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्याने चाचरत सांगितलं की परवा भर दर्यात तांडेल सुकाणू सोडून उठला, होडीच्या नाळेपर्यंत, पार पुढच्या टोकाला गेला आणि एक पाय बाहेर टाकला. ‘आलो, आलो’ म्हणत होता. दिनानाथने कमरेला मिठी मारून त्याला मागे ओढला. खलाशी आता कुजबुजायला लागलेत, म्हणाला. तांडेलाला धरलंय असं म्हणतायत.

पारूला पुढचं सगळं दिसलं. मेलेल्याची हाक ऐकणाऱ्या तांडेलाच्या होडीवर सातपाटीतच काय, डहाणूपर्यंत कोणी पाय ठेवला नसता. तेवढ्यावर निभावलं असतं तरी बरं. दर्यावर जात राहिला तर पुढच्या वेळी दिनानाथचा हात वेळेवर पोचेलच असं नव्हतं. आणि घरी बसवला तर? असा एक घरी बसवलेला पुरुष पारूने वडराईत पाहिला होता, तिच्या मावशीचा नवरा. त्याचं डोकं फिरलंय असं एकदा गावाने ठरवलं, आणि मग त्याच्यासमोर बाया पदरसुद्धा सावरेनाशा झाल्या. तो माणूस जिवंत होता, जेवत होता, पण गावाच्या लेखी तो पुरुषही राहिला नव्हता. एक दिवस तो खाडीत सापडला. भगताकडे न्यावं तर भगताचं सगळं अंगणात, चारचौघांत. बाई अंगात येऊन घुमली तर गाव चार दिवस तिला भितं आणि पाचव्या दिवशी तिच्याकडूनच बोंबील घेतं. प्रत्येक आळीत एखादी होतीच तशी. तांडेल घुमलेला मात्र कोणी पाहिला नव्हता आणि कोणी विसरलाही नसता.

हे सगळं तिच्या डोक्यातून किती वेळ फिरलं कोण जाणे. दिनानाथ उत्तराची वाट बघत उभा होता.

“त्यांना काय नाय झालं,” पारू म्हणाली. “झालंय ते मला.”

मग तिने भराभर सांगून टाकलं. नथू आपल्या अंगात येतो, आपण घरात काय काय बडबडतो, हे बिचारे बायकोच्या काळजीने झोपत नाहीत, दर्यावर असले तरी चित्त घरी असतं. दिनानाथच्या चेहऱ्यावरचा ताण बघता बघता उतरला. त्याने एक प्रश्न विचारला नाही. “मंग बरोबर हाय,” म्हणाला आणि मोकळा झाला. तो इतक्या चटकन मोकळा झाला याचाच पारूला राग आला. अरे, निदान एकदा तरी अविश्वास दाखवायचास. पण नाही. बाईला धरलंय म्हटल्यावर त्याचं सगळं गणित जुळलं होतं.

आता बोललं ते निभवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर पारूने केस सोडले, घोगरा आवाज काढला आणि साखरबाईकडे विडी मागितली. तीही ‘र’ न म्हणता, बोबडं बोलून. साखरबाईच्या हातून कळशी सुटली. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट बंदरापासून शिरगावपर्यंत पोचली होती. साखरबाईच्या जिभेला कुठे हाड होतं?

आणि खरं सांगायचं तर अंगात येण्याची सोयही बरी होती. केस सोडलेल्या बाईला कोणी अडवत नाही. पारूने त्या आठवड्यात नथूच्या तोंडून चुलतसासऱ्याला सुनावलं की म्हातारपणी सुनेवर डोळे कसले वटारतोस. साखरबाईला सांगितलं की मागून नेलेला खलबत्ता परत कर. तिने तो तासाभरात आणून ठेवला आणि वर नमस्कार केला. हसू दाबता दाबता पारूच्या पोटात दुखायला लागलं. किती दिवसांनी तिला असं हसू येत होतं.

पण घरात हसुराम होता. त्याने तिला विहिरीवर घुमताना पाहिलं होतं. तो जवळ येऊन बसला आणि इकडेतिकडे बघत, कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाला की नथू माझ्याकडे दुपारचा येतो, तुझ्याकडे कधी येतो? त्याच्या आवाजात चक्क हेवा होता. पारूला कुठे तोंड लपवावं असं झालं. आपण सोंग करतोय आणि याचं खरं आहे, हे तिला त्या क्षणी जितकं टोचलं तितकं कधी टोचलं नव्हतं. तेव्हाच तिच्या मनात आलं की हे सोंग नुसतं झाकायला का वापरायचं? गाव नथूचं म्हणून आपलं ऐकतंय. मग हाही ऐकेल.

भगत आणायचं साखरबाईनेच ठरवलं. पालघरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर देवू भगत राहायचा. तो बाजाराला आला होता, त्याला ती घेऊनच आली. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, होड्या खाडीत नांगरलेल्या, त्यामुळे पुरुषही सगळे घरी. दुपारी अंगण माणसांनी भरलं. देवू भगत वाळकासा, मितभाषी माणूस. त्याने सुपात तांदूळ घेतले, राळेचा धूर केला, पुटपुटत दाणे सरकवले आणि सांगितलं की बाईला धरलंय, धरणारा घरचाच आहे आणि पाण्यातला आहे. सगळ्यांनी सुस्कारे टाकले. हे तर त्याला साखरबाईने वाटेतच सांगितलं असणार.

पारू मध्ये बसली होती. केस मोकळे, डोळ्यांत धूर गेलेला. बाजाराला जाता येता, शिरगावच्या रस्त्याने चालताना, तिने काय बोलायचं ते मनाशी घोळवून ठेवलं होतं.  हसुराम पुरुषांच्या मागे, खांबाला धरून उभा होता. भगताने केसांना हिसका देऊन विचारलं की कोण तू, बोल. पारूने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती खांबाकडे बघून नथूच्या आवाजात म्हणाली, “दादा.”

अंगणातल्या माना खांबाकडे वळल्या. हसुरामचा चेहरा पांढराफटक पडला.

“दादा, मी हाक नाय मालली. जाल्यासंगं खाली गेलो तो गेलोच. तोंडात पानी होतं, हाक कशी मालू? तू ऐकलंस ते वालं होतं. दोल तोडलास तवा मी नव्हतोच, दादा.”

कसली हाक, कोणी मारली, कोणाला काही कळलं नाही. पण हसुराम खांबावरून घसरत खाली बसला आणि रडायला लागला. तोंडात मूठ कोंबून, गुरासारखा हंबरत रडला. पुरुषांनी माना फिरवल्या. कोणी दोराच्या गाठी बघायला लागलं, कोणी आभाळ. साखरबाई डोळे पुसत म्हणाली की बायकोचे हाल बघवत नाहीत गो त्याला, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. पारूला उठून त्याला पोटाशी धरायचं होतं. पण ती त्या वेळी नथू होती, तिला उठता येत नव्हतं. भगताने विचारलं, तुला काय पाहिजे? ती नथूच्या आवाजात म्हणाली की काही नको, दादाने आता माझ्याशी बोलू नये, मला जाऊ द्यावं. मग तिने अंग टाकलं. खाडीत नारळ सोडला, भगताला कोंबडा दिला. पारूच्या तोंडावर पाणी मारलं, आणि ती बरी झाली असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

आणि हसुराम खरंच सुधारला. ताट चाटूनपुसून जेवायला लागला. दुपारचा जाळं शिवायचा, पण मुकाट. कड ताणायची असली की खांबाला बांधायचा. होडी दर्यावर गेली आणि भरून आली. खलाशांच्या मनातलं किल्मिष गेलं, दिनानाथ पुन्हा ओटीवर येऊन विडी मागायला लागला. पारू पाटी घेऊन पालघरला निघायची तेव्हा तिला वाटायचं, जिंकलं आपण. माणूस बुडताना बाहेर ओढला आणि कोणाला पत्तासुद्धा लागला नाही.

मकरसंक्रांतीच्या सुमाराला, बाजारात ऐन गर्दीत, एका गिऱ्हाइकाशी हुज्जत चालली असताना, तिला मागून कोणीतरी म्हणालं, “वैनी.”

ती वळली. मागे भिंत होती. गिऱ्हाईक पापलेट हातात धरून ताटकळत उभं राहिलं. तिने मागेल त्या भावाला देऊन टाकलं, जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. दोन दिवसांनी शिरगावच्या रस्त्यावर, सुरूच्या झाडीतून, तीच हाक पुन्हा आली. मग विहिरीवर आली, सुकट वाळवायच्या वलांडीजवळ आली. दिसायचं कोणी नाही. फक्त हाक यायची, तीही एकदाच, आणि पुढचं काही बोलायची नाही, थांबून राहायची.

आधी तिने मनाची समजूत घातली की सोंग अंगी लागलंय, उतरेल. उतरलं नाही. मग हळूहळू तिला उमगलं. नथू मरताना एवढंच करू शकला होता, एक हाक मारली होती. तेवढी एकच गोष्ट त्याची होती. ती कोणीतरी ऐकली होती आणि ऐकणारा रोज दुपारी परसात बसून ती कबूल करत होता. आपण चारचौघांत, त्याच्याच तोंडून, त्याच्याच बोबड्या बोलीत, ती हाक नव्हतीच असं वदवलं. दादाचं दार आपण लावून घेतलं. मग हाक जाणार कुठे?

आणि तिचं स्वतःचं रडणं तरी कुठे पुरं झालं होतं? त्या वाळूत ती रडली होती ती झटक्यात गेलेल्या पोरासाठी. हाक मारून, वाट बघून गेलेल्या पोरासाठी ती एकदाही रडली नव्हती. ते कळलं त्या क्षणापासून तिला नवऱ्याला झाकायचं काम लागलं होतं.

तिने साखरबाईला सांगून पाहिलं. साखरबाई हसली. अगो, तुझा तर काढला ना, सगळ्यांच्या देखत काढला, आता मनाचे खेळ सोड म्हणाली. पुन्हा भगत आणायची गोष्ट काढावी तर देवू भगताचं नाव आता तिच्याच बऱ्या होण्यावरून दूरवर झालं होतं, तो कशाला मानेल? राहता राहिला एकच माणूस. त्याने ती हाक ऐकली होती. आपण सांगू, त्यालाच काय ते कळेल. होळीच्या आधी एका दुपारी, हाक विहिरीपासून घरापर्यंत मागे आली तेव्हा, पारू सरळ ओटीकडे गेली.

ओटीवर हसुराम बसला होता, शेजारी दिनानाथ, आणि समोर मुरब्याहून आलेला नवा खलाशी. हसुराम हल्ली थोडं बोलायला लागला होता. पारू दाराच्या आतच थांबली, कारण विषय तिचाच चालला होता.

“माझा भाव हिच्या अंगात यायचा,” हसुराम त्या पोरगेल्या खलाशाला सांगत होता. “लय दिवस काडले आमी. मंग मी भगत आनला आनि काडला. बायांचं मन हलकं रे. दुख धरून ठेवतात. आपन बाप्ये सोडून देतो.”

दिनानाथने मान डोलावली. पारू हसुरामच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. कुठेतरी लाज दिसेल, नजर चोरेल, लोकांसमोर बोलायची रीत म्हणून बोलतोय असं काहीतरी सापडेल म्हणून तिने शोधलं. काही नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता. परसातली ती दुपार, मातीत पडलेलं जाळ्याचं टोक, ते ‘तुला तो दिसत नाय?’ हे सगळं त्याच्या मनातून पुसून गेलं होतं, आणि त्या जागी घुमणारी बायको आणि तिला वाचवणारा नवरा येऊन बसला होता. त्याला तसंच आठवत होतं.

तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. तिचा चेहरा बघून तो चटकन उठला. मायेने उठला, हेही सांगायला हवं. नवरा म्हणून तो वाईट कधीच नव्हता.

“काय गो?” त्याने विचारलं. “पुन्यांदा येतो काय तो? काय बोलतो?”

पारूने तोंड उघडलं होतं. हाक मारतो, एवढंच म्हणायचं होतं. पण हाक हा शब्द कानावर पडला की या माणसाचं काय होईल ते तिला ठाऊक होतं. ओटीखाली त्याच्या होडीचा नांगर धुऊन ठेवला होता, पहाटे त्याला दर्यावर जायचं होतं, आणि ते नवं पोरगं तोंड वासून तांडेलाकडे बघत होतं.

“काय नाय,” ती म्हणाली. “चा ठेवते.”

ती आत गेली. चुलीत काटक्या सारल्या, पातेलं चढवलं. बाहेर पुरुष पुन्हा वाऱ्याचं बोलायला लागले. पाणी उकळायच्या आत हाक आली, अगदी जवळून, परसाच्या दारातून आल्यासारखी. पारूने आधी ओटीकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा हळू आवाजात पहिल्यांदाच ओ दिली.